देवाजीचा थकवा

रुग्णालयात नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, "डॉक्टर की नर्स?" दोन्ही नाही म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. मी वैद्यकीय समाजसेविका होते. चंदीगडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, रक्तविकारांच्या ओपीडीबाहेर, जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल होतं. डॉक्टर औषध लिहून देत. ते औषध घेणारा माणूस कुठे राहतो, काय खातो, घरात त्याचं कोण ऐकतं आणि तो परत येणार की नाही, हे बघणं माझं काम. पेशंट मला 'पर्चीवाली मैडम' म्हणत, कारण माझी सही झाली की सगळं फुकट होतं अशी त्यांची समजूत होती. तसं काही नव्हतं, पण त्या समजुतीमुळे माणसं माझ्यासमोर बसत आणि बसली की बोलत. तेवढं मला पुरे होतं.

मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन चंदीगडला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. नवरा विद्यापीठात भूगोल शिकवायचा. शहर तेव्हा अर्धं रिकामं वाटायचं. रुंद रस्ते, चौकाचौकात फुलांची वर्तुळं, हिवाळ्यात हिरवळीवर उन्हाला बसून शेंगा सोलणारी कुटुंबं. मी सायकलने कामावर जायचे आणि वाटेत ओळखीचं कोणी ना कोणी हात करायचंच. आज त्याच रस्त्यावर रिक्षात बसून सिग्नल सुटायची वाट बघताना मला ती सायकल फार आठवते.

पंजाबात थॅलेसेमियाची मुलं पुष्कळ. आमची ओपीडी त्यांनीच भरलेली असायची. सिकलसेलचा रोगी मात्र क्वचित यायचा, आणि आला की तो बहुधा छत्तीसगडचा, ओडिशाचा नाहीतर आमच्या विदर्भातला. मग निवासी डॉक्टर दारातून डोकावून म्हणायचे, "मैडम, आपके मुलुक का केस आया है." मी उठायचे. विदर्भात बोलताना शेवटी 'जी' लावायची पद्धत आहे आणि पंजाब्यांचंही 'जी'शिवाय पान हलत नाही. त्यामुळे बाकी सारं परकं वाटलं तरी एवढा एक शब्द सगळ्यांना घरचा वाटायचा.

सिकलसेल म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगते. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल, मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक नसांमध्ये अडकतात. अडकल्या की हाडं फुटावीत तसं दुखतं. हा दोष आईबापांकडून येतो. दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक. दुखणं सगळ्यांना कळतं, कारण दुखणारा माणूस ओरडतो. वाकड्या पेशी लवकर मरतात आणि शरीराला सतत नव्या तयार कराव्या लागतात, त्याने जो थकवा येतो तो मात्र कोणाला दिसत नाही. तेव्हा डॉक्टरही रोग्याला विचारत ते दुखण्याबद्दल. दमतोस का, असं फारसं कोणी विचारत नसे.

मला ते विचारायला शिकवलं हिरामती नावाच्या बाईने. बिलासपूरकडची, मोहालीत इमारतीच्या कामावर विटा वाहणारी. नवरा तिला घेऊन आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "मैडम, बीमारी-विमारी कुछ नहीं. बस पड़ी रहती है. कामचोर है." हिरामतीने मान वर केली नाही. तो पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "दर्द होता है तो ये मानता है. थकती हूँ तो नहीं मानता." मी त्याला बसवून समजावलं. त्याने मान डोलावली. पुढच्या तारखेला ती आली नाही. इमारत पुरी झाल्यावर मजुरांची ती टोळी निघून गेली होती. कुठे गेली ते ठेकेदारालाही सांगता आलं नाही. हिरामतीचं काय झालं हे मला कधीच कळलं नाही आणि ती रुखरुख अजून आहे.

त्यानंतर एका हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, देवाजी मडावी वॉर्डात दाखल झाला. गडचिरोलीकडचा गोंड तरुण, अंगाने काटक, डोळे हळदीसारखे पिवळे. आयटीआय करून एका ओळखीच्या माणसाबरोबर इकडे आला होता आणि इंडस्ट्रियल एरियात, फेज दोनमध्ये, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या शेडमध्ये पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं यंत्र, चालवत होता. थंडीने पाय आणि पाठ धरली म्हणून सहकाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून आणलं होतं. सलाइन आणि वेदनाशामक देऊन दोन दिवसांत त्याचं दुखणं उतरलं. डॉक्टर खूश झाले आणि सुट्टीचे कागद तयार होऊ लागले.

मी त्याच्या खाटेशी बसले. मराठी ऐकून तो उठून बसायला लागला.

"पडून राहा," मी म्हटलं. "आता कसं वाटतं?"

"दुखणं गेलं जी, ताई."

"आणि थकवा?"

तो कोपरावर उठला. मग म्हणाला, "ते तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणी नाही. मी विचारते आहे."

"दुखणं वर्षातून दोन-चार खेपा येते, ताई. हे रोजचं हाये. झोपून उठलो तरी झोप झालीच नाई असं लागते. सकाळी उठतो तं संध्याकाळ झाल्यावानी अंग पडून राहते. सायकल चालवतो तं पायात वाळू भरल्यावानी. शाळेत मास्तर आळशी म्हणे. बाप बी म्हणे. मले बी वाटे, का आपण आळशीच आहो."

घरी नाव न घेता हे जेवताना सांगितलं तर नवरा म्हणाला, "पायात वाळू. माझ्या विद्यार्थ्यांना एवढं नेमकं वर्णन जमत नाही."

देवाजी दर महिन्याला येऊ लागला. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, असं सगळं तो मनापासून करायचा. पण ते दिवस वेगळे होते. देशाची दारं उघडली होती. नव्या गाड्या, नवे ट्रॅक्टर निघत होते आणि सुट्या भागांच्या ऑर्डरींनी त्या छोट्या शेड ओसंडून वाहत होत्या. ओव्हरटाइमला नाही म्हणायची सोय नव्हती. देवाजी सलग दोन पाळ्या करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत, भाकरी हातात धरून, झोपून जायचा.

एके दिवशी माझ्या दारात एक उंच सरदारजी उभे राहिले. दाढी नीट बांधलेली, कपड्यांना तेलाचा वास.

"भैणजी, मैं गुरमेल सिंग. देवा मेरे यहाँ काम करता है."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"सच-सच बताओ. मुंडा, अपना देवा, दारू पींदा है ना?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. पिवळट डोळे, जड पापण्या, मशीनपाशी डुलकी, अधूनमधून गैरहजेरी आणि वर रुग्णालयाच्या खेपा. यांनी अर्थ लावला तो असा.

"सरदारजी, पेशंटबद्दल मी कोणाला काही सांगू शकत नाही. तो नियमच आहे," मी हिंदीत सांगितलं.

"मतलब पीता है."

"मी तसं म्हटलं नाही."

"आपने ना भी नहीं कहा." ते खुर्चीत मागे रेलले. "कोई गल नहीं जी. मेरा सगा भाई पीता था. आप छुड़वा दो. लड़का कारीगर है, हाथ बड़ा साफ है. पर प्रेस के आगे शराबी को मैं कितने दिन खड़ा करूँ?"

ते गेल्यावर मी देवाजीची पुढची तारीख काढून बघितली. मी तोंड बंद ठेवलं म्हणून एक निर्व्यसनी माणूस दारुडा ठरला होता. आमच्या कामात असे पेच पुष्कळ येत, पण असा मला पहिल्यांदाच आला होता.

देवाजी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो उलट सैल होऊन बसला.

"बरं झालं जी. राहू द्या तसंच."

"अरे, तू पीत नाहीस!"

"होळीले थोडीशी घेतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण ताई, तुमी इचार करा. दारू सुटते. हे कुठं सुटते? दारुड्याले लोक म्हणते, सुधरन. आजाऱ्याले म्हणते, गेला. शेडीत दहा जण पेतेत, कोणाची नोकरी नाई गेली. अन् गावाकडं पोरगी कोण देईन मले? बेवड्याले देते. रक्त खराब म्हटलं तं नाई देत."

मी त्याला पुष्कळ सांगून पाहिलं. त्याचं रक्त खराब नव्हतं, पण त्याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. तो ज्या जगात राहत होता तिथलं बरोबर गणित त्याने मांडलं होतं. सांगायचं की नाही हा निर्णय त्याचा होता. मी फक्त एवढंच म्हटलं, "प्रेस सोड. दुसरं काही माग." तो हसला. मागितल्यावर कारण सांगावं लागलं असतं.

दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात एका सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच तो माझ्या खोलीबाहेर जमिनीवर बसलेला दिसला. तारीख नव्हती. पाय दुखत नव्हते. मला बघून तो उठला.

"ताई, सांगून टाका सरदारजीले."

"काय झालं?"

त्याच्या प्रेसवर रामसमुझ नावाचा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचा एक वयस्कर कामगार जोडीला असायचा. तो पत्रा सरकवायचा, देवाजी पायाने पेडल दाबायचा. आदल्या दिवशी पाळी संपत आली असताना देवाजीचे डोळे क्षणभर मिटले आणि पाय पेडलवर पडला. रामसमुझचा हात आत होता. त्याने झटका मारून ओढून घेतला. हातमोजा तेवढा प्रेसखाली राहिला.

"चपटा झाला होता मोजा, कागदावानी," देवाजी म्हणाला. "माझा हात गेला असता तं मी कोणाले काई सांगितलं नसतं, ताई. पण त्याचे चार लेकरं हायेत. अन् तो रागावला बी नाई. म्हणे, पिया मत कर बेटा." एवढं बोलून तो रडायला लागला.

मी निरोप धाडला आणि दुपारी गुरमेल सिंग आले. माझ्या त्या जिन्याखालच्या खोलीत आम्ही तिघं कसेबसे मावलो. मी सांगायला सुरुवात केली. पेशी, त्यांचा आकार, आईबापांकडून आलेला दोष. ते ऐकत होते, पण चेहरा कोरा. मग मी म्हटलं, "आपल्या अंगातली लाल पेशी तीन-चार महिने काम करते. याची दोन-तीन आठवड्यांत मरते. शरीर दिवसरात्र नव्या बनवत राहतं, तरी पुरत नाहीत."

त्यांनी हात वर केला. "रुको जी. मतलब, इसके कारखाने में आदमी टिकते नहीं. आज रखा, काम सिखाया, पंद्रह दिन में भाग गया. फिर नया रखो."

"हां."

"और सारी ताकत भरती में ही खतम."

"हां जी, वही."

"ओए," ते देवाजीकडे वळून म्हणाले, "तो माल कहाँ से निकलेगा!" इतकी वर्षं मी हा आजार लोकांना समजावत होते, पण यापेक्षा चांगलं मला कधी सुचलं नव्हतं. पुढे कितीतरी घरांत मी हाच दाखला दिला.

मग त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. "तो तू पीता नहीं?"

देवाजीने मान हलवली.

"दो साल!" सरदारजी उभे राहिले आणि त्यांची पगडी जिन्याच्या उतरत्या छताला लागली. "दो साल मैं गुरुद्वारे में अरदास करता रहा कि इसकी दारू छूट जाए! और ये... इसने कभी पी ही नहीं!"

देवाजी घाबरून म्हणाला, "होली पे थोड़ी सी, बाऊजी."

आधी मी हसले, मग सरदारजी. देवाजीला हसावं की नाही ते कळेना. पण हसून झाल्यावर सरदारजी गंभीर झाले. म्हणाले, "प्रेस पर तो अब नहीं रख सकता. और मैं धर्मशाला भी नहीं चलाता, भैणजी." आणि निघून गेले. देवाजी माझ्याकडे बघत होता आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. आमच्या कामात खरं बोलायला लावणं आम्हाला जमतं, त्याचं पुढे काय होईल ते आमच्या हातात नसतं.

आठवडाभर काहीच कळलं नाही. मग देवाजी आला तो नवा निळा शर्ट घालून. एका मोठ्या कंपनीने सरदारजींना सांगितलं होतं की यापुढे प्रत्येक भाग मोजूनच पाठवा, मापात केसाएवढा फरक चालणार नाही. शेडमध्ये मापं घ्यायला धीराचा माणूस कोणी नव्हता. सरदारजींनी देवाजीला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, हातात मायक्रोमीटर दिला आणि सांगितलं, "बैठ के काम कर. दोपहर को आधा घंटा पीछे स्टोर में सो जा. पर माप गलत निकला तो तेरी खैर नहीं." धर्मशाळा ते चालवत नव्हते हे खरंच, पण कारीगर वाया घालवणाऱ्यांपैकीही नव्हते.

दुपारच्या त्या झोपेवरून शेडमध्ये कुरकुर झाली. कोणी त्याला मालकाचा जावई म्हणायचं. ते बोलणं रामसमुझने थांबवलं, असं देवाजीने मला सांगितलं. तो म्हणे आपला हात सगळ्यांपुढे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "इसको सोने दो भाई, मुझे दसों उँगलियाँ प्यारी हैं."

लग्नाच्या वेळी देवाजीने कोणालाही अंधारात ठेवलं नाही. मी त्याला एकच सांगितलं होतं, मुलीच्या रक्ताची तपासणी करून घे, ती वाहक असली तर मुलांना आजार होऊ शकतो. पहिलं स्थळ त्याने खरं सांगितल्याबरोबर मोडलं. सुट्टी संपवून तो परत कामावर आला. पुढच्या वर्षी आरमोरीची रेखा भेटली. अंगणवाडीत काम करणारी, बोलायला फटकळ. तिने तपासणीला स्वतःच हात पुढे केला. रिपोर्ट चांगला आला. चंदीगडला आल्यावर देवाजी तिला माझ्याकडे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "सगळं माहीत असून होकार कसा दिलास गं?"

"ताई, चार पोरं पाहून गेले होते मले," ती म्हणाली. "सगळे म्हणे, आम्हाले काई नाद नाई, काई दुखणं नाई. हा एकटाच म्हणाला, मी लवकर थकतो. म्हटलं, हा खरा बोलते."

पुढे एक कॅप्सूल आली, तिने त्याचे दुखण्याचे झटके पुष्कळ कमी झाले. थकवा कमी झाला, गेला नाही. त्यांना मुलगी झाली. ती वाहक आहे, आजारी नाही. मग दोन हजार सालानंतर हिमाचलात कर माफ झाला म्हणून इकडचे कारखाने एकेक करून बद्दीला जाऊ लागले. गुरमेल सिंगही गेले. देवाजीला रोजचा चंदीगडहून प्रवास झेपणार नव्हता, म्हणून त्याने मध्येच पिंजौरला बिऱ्हाड केलं. तिथून कारखान्याची गाडी त्याला दारातून न्यायची. रुग्णालयात येणं कमी झालं, फोन सुरू राहिला. आणि इंडस्ट्रियल एरियातल्या त्या शेडच्या जागी आता काचेची शोरूम उभी आहे. तिथून जाताना मला अजून पत्र्याचा आणि तेलाचा वास आल्यासारखा वाटतो.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात एका रविवारी काल्क्याच्या बसने पिंजौरला गेले. येते म्हणून बरेच दिवस कबूल केलं होतं, पण कळवलं मात्र नव्हतं. बाजारातून संत्री घेतली, विचारत विचारत घर शोधलं. दोन खोल्या आणि वर गच्ची. दार एका शाळकरी मुलीने उघडलं. मी मराठीत नाव सांगितलं. तिला कळलं, पण उत्तर हिंदीत आलं.

"आप पर्चीवाली आंटी हो? मम्मी, आंटी आई हैं!"

रेखा पीठाच्या हातांनीच बाहेर आली. तिला काय करू आणि काय नको झालं. देवाजी वर गच्चीत उन्हाला झोपला होता. "थांबा ताई, उठवते त्यांले," म्हणून ती जिन्याकडे निघाली.

मुलगी तिच्या आधी जिन्यात जाऊन उभी राहिली.

"मत उठाओ, मम्मी. पापा थके हैं."

तिने ते किती सहज म्हटलं. बाहेर ऊन आहे, दूध उतू जातंय, असं आपण सांगतो तसं. त्या आवाजात तक्रार नव्हती, कीव नव्हती. ज्या गोष्टीची लोकांना खात्री पटवता पटवता तिच्या बापाची अर्धी उमर गेली, ती त्या मुलीला शिकवावीच लागली नव्हती.

"राहू दे गं रेखा," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."

आम्ही तिघी खालच्या खोलीत बसलो. चहा झाला, संत्री सोलून झाली, आरमोरीच्या आणि वर्ध्याच्या गप्पा झाल्या. मुलगी मधूनच ओठांवर बोट ठेवून आम्हाला हळू बोलायला सांगायची. बसची वेळ झाली तेव्हा मी चपला हातात घेऊन जिना चढले आणि गच्चीच्या दारातून बघितलं. देवाजी खाटेवर कुशीवर झोपला होता, डोक्यापर्यंत रजई, एक पाय बाहेर. केस कानाजवळ पांढरे झाले होते. मी तशीच खाली उतरले आणि बस पकडली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, तुमी आल्या अन् मले उठवलं बी नाई?"

"झोप झाली का?" मी विचारलं.

"झाली जी," तो म्हणाला. "आज झाली."